तपोवन (अमरावती)
कुष्ठरुग्णांची वसाहत. स्वातंत्र्यसैनिक डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये ‘श्री जगदंबा कुष्ठनिवास’ स्थापला. पटवर्धन होमिओपॅथीचे डॉक्टर. घरच्यांनीच बाहेर काढलेल्या माणसांनी झडलेल्या बोटांनी इथे शेती, हातमाग, सुतारकाम केले. दयेच्या दानापेक्षा घामाची भाकर, हा इथला बाणा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कुष्ठमुक्त व्यक्ती येतात; सरकारी व अनुदानित उच्चशिक्षणसंस्थांत दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा मिळाली, तरी अभ्यासक्रमात दिव्यांगांचा इतिहास असतोच असे नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज अमरावती-अकोल्यासह पाच जिल्ह्यांसाठी असलेल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या टपाली पत्त्यात मात्र ‘तपोवन गेटजवळ’ असे लिहितात.