काडतूस कोणी भरावे?

काडतूस हा शब्द आपल्या भाषेला पोर्तुगीजांनी दिला. युरोपातील त्याच्या भावंडांचा मूळ अर्थ पाहिला, तर त्यात दारूही नाही आणि शिसेही नाही. आहे ती केवळ कागदाची सुरळी. ही सुरळी कोणी वळावी, तिच्यात दारू कोणी भरावी आणि भरणाऱ्याच्या हातावर दुसऱ्याने कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र दिसतो तितका किरकोळ नाही. आमच्या देशात तर त्याच्यापायी एक साम्राज्य हादरले.

सुरळीच्या आधीचा काळ सोपा होता. तोड्याच्या आणि पुढे ठासणीच्या बंदुकीचा धनी आपला दारूगोळा आपणच सिद्ध करी. एका बंदुकीच्या नळीचा व्यास दुसरीशी तंतोतंत जुळत नसे. म्हणून पुष्कळदा बंदुकीबरोबरच तिच्या मापाचा साचाही मिळे. शिसे वितळवावे, साच्यात ओतावे, गोळी निवली की तिचे शेपूट छाटावे. शिंगातली दारू मापाने नळीत ओतावी आणि गजाने गोळी ठासावी. माप चुकले तर बार फुसका जाई किंवा नळी फाटे. 'फुसका बार' हा शब्दप्रयोग आपण आज सभेतल्या वक्त्यांसाठी राखून ठेवला आहे. परंतु त्याचा जन्म या मापाच्या चुकीतला.

शिकाऱ्याला एवढी सवड असते, शिपायाला नसते. म्हणून मोजलेली दारू आणि गोळी एकाच कागदात गुंडाळून देण्याची पद्धत सैन्यात रूढ झाली. काडतूस भरण्याचे काम त्याबरोबर शिपायाच्या हातून निघून शस्त्रागाराकडे गेले. तेथे ते करणारे हात बहुधा स्त्रियांचे आणि मुलांचे असत. अमेरिकेतील यादवी युद्धात, 17 सप्टेंबर 1862 रोजी, पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी शस्त्रागारात स्फोट होऊन 78 कामगार मेले; त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

काडतूस परक्या हातांनी भरले जाऊ लागले आणि त्यात काय आहे, हे शिपायाला कळेनासे झाले. 1853 च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल कंपनी सरकारने हिंदुस्थानात आणली, तेव्हा गाठ या अज्ञानाशी पडली. नळीत आटे असल्यामुळे गोळी सुलभ सरकावी म्हणून काडतुसाच्या टोकाला चरबी लावलेली असे, आणि कागद दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे. 1857 च्या जानेवारीत कलकत्त्यानजीक डमडम येथे ही चरबी गाईची व डुकराची असल्याचा बोभाटा झाला. पुढची हकीकत शाळेतल्या पुस्तकांत आहे. परंतु त्या पुस्तकांत सहसा न येणारी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. 27 जानेवारी 1857 रोजी सरकारने अशी मुभा दिली की, काडतुसे चरबीविना द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचे वंगण आणून ते आपल्या हातांनी लावावे. मार्चमध्ये तर काडतूस दातांऐवजी बोटांनी तोडण्याचीही परवानगी मिळाली.

म्हणजे अर्धेअधिक काम पुन्हा शिपायाच्या हाती दिले गेले, आणि तरीही उपयोग झाला नाही. वंगण माझे, पण कागदाचे काय? कागदाला असलेली चकाकी पाहून शिपाई म्हणू लागले की, चरबी कागदातच मुरवलेली आहे. 26 फेब्रुवारीला बहरामपूरच्या एकोणिसाव्या पलटणीने आणि 24 एप्रिलला मीरतेच्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच तऱ्हेची होती. एकदा विश्वास उडाल्यावर वंगण कोणते आणि कागद कोणता, हा तपशील निरर्थक ठरतो. मला वाटते, बंडाची कारणे मांडताना चरबीवर जितकी शाई खर्च झाली, तितकी या फसलेल्या सवलतीवर व्हावयास हवी होती.

यानंतर दहा वर्षांच्या आतच कागदी काडतूस मागे पडू लागले आणि धातूचे आले. इंग्लंडात वुलिच येथील प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेत कर्नल बर्डन या दोघांनी 1866 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसणाऱ्या टोपीची रचना सिद्ध केली. घोड्याचा आघात टोपीवर होतो, टोपीतला स्फोटक कण आतल्या इवल्याशा ऐरणीवर चिरडतो, ठिणगी छिद्रातून दारूत जाते. बॉक्सरने ही ऐरण टोपीतच बसविली आणि पितळी बुडाला मधोमध एकच छिद्र ठेवले. बर्डनने ऐरण पितळेचाच भाग केली आणि छिद्रे दोन्ही बाजूंस पाडली. बाहेरून पाहणाऱ्यास फरक दिसत नाही. परंतु बॉक्सरच्या पुंगळीत सरळ सळई घालून जळकी टोपी बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीत ती सळई ऐरणीवरच अडते. घरी काडतुसे पुन्हा भरण्याची सारी विद्या या एका मधल्या छिद्रातून जन्मली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मौज अशी की, इंग्रजाची टोपी कालांतराने अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपाने. आपल्या परिचयाच्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांतही ब्रिटिश लष्कराने बर्डनचीच बैठक चालविली.

पितळ हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग, आणि बार उडाल्यावर नाश न पावणाराही तोच. दाबाने ते फुगते, नळीच्या भिंतीला चिकटून वायू अडविते आणि पुन्हा किंचित आकसते. एवढे मोलाचे भांडे एकदा वापरून फेकावे, हे पश्चिम अमेरिकेतील शिकाऱ्यास परवडणारे नव्हते. 1870 नंतरच्या दशकात बायसन नावाच्या प्रचंड गव्यांमागे लागलेले शिकारी शिसे आणि दारूची पिंपे गाड्यांवर लादून नेत, आणि दिवसभर झाडलेली काडतुसे रात्री शेकोटीपाशी पुन्हा भरीत. या काटकसरीचे फळ भयानक होते. कोट्यवधींच्या संख्येने वावरणारा तो प्राणी 1889 साली मोजला, तेव्हा हजाराच्या आसपास उरला होता. त्या संहाराला रेल्वे आणि कातड्यांचा व्यापारही कारण झाला, हे खरे. परंतु दुकानापासून शेकडो मैलांवर बंदुकीची भूक भागविणारे हात शिकाऱ्याचे स्वतःचेच होते.

1884 साली कनेटिकट संस्थानात जॉन बार्लो याने 'आयडियल' नावाची कंपनी काढली. तिचे हत्यार आपल्या अडकित्त्याच्या घराण्यातले. जळकी टोपी काढावी, नवी बसवावी, गोळी घट्ट करावी, ही कामे ते एकटे करी. काही नमुन्यांना तर गोळी ओतण्याचा साचाही जोडलेला असे. शेतकऱ्याच्या फडताळात मावेल असा हा दारूगोळ्याचा कारखाना होता.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि अंदाजाने चालणाऱ्या या विद्येला परीक्षेचे दिवस आले. काळ्या दारूत चिमूटभर अधिकउणे खपून जाई. नवी दारू तशी क्षमाशील नव्हती. तिचा दाब कितीतरी पट चढे आणि प्रत्येक जातीच्या दारूचा स्वभाव निराळा असे. शिवाय जुन्या टोप्यांतला पारा आता धुराच्या काजळीत विरून न जाता पितळेत भिने आणि त्यास ठिसूळ करी. 1920 नंतरच्या दशकाअखेर न गंजविणाऱ्या टोप्या बाजारात आल्या. फिलिप शार्प याचा या विषयावरील जाडजूड ग्रंथ 1937 साली निघाला. परंपरेने शिकण्याची विद्या आता कोष्टकांवाचून शिकता येईना.

दुसऱ्या महायुद्धाने या छंदाला टंचाईच्या मार्गाने नवे आयुष्य दिले. सारे शिसे, तांबे, पितळ लढाईकडे गेल्यावर अमेरिकेत नागरिकांना गोळ्या मिळेनात. तेव्हा काही खटपट्या माणसांनी लहान बंदुकीची, पुन्हा भरता न येणारी, फेकलेली काडतुसे गोळा केली आणि त्यांच्याच पितळेपासून गोळ्यांची वेष्टने घडविली. व्हर्नन स्पीअर, जॉयस हॉर्नेडी, फ्रेड हंटिंग्टन ही पुढे मोठ्या कारखान्यांना लाभलेली नावे या भंगारातून वर आली. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन याने सरकारजवळ उरलेली पन्नास हजार पौंड दारू विकत घेतली, ती रेल्वेच्या जुन्या डब्यात साठविली आणि किरकोळीने विकावयास आरंभ केला. पुढे पैशाची बचत मागे पडली आणि नेमाचा ध्यास पुढे आला. एका ठरावीक रायफलीला कोणती दारू, किती कण, कोणती गोळी मानवते, याचा शोध घेण्यात माणसे आयुष्य घालवू लागली. गवयाने तंबोऱ्याच्या जव्हारीचा दोरा केसभर सरकवून पाहावा, तसाच हा प्रकार.

भारतात ही वाट का रुळली नाही? नेमबाजीचे प्रेम नव्हते म्हणून नव्हे. 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते पुढे लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर, आपलेच अहमदाबादकर दादासाहेब. त्यांच्या नावाने आजही नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. परंतु काडतूस भरण्याचे काम आपल्याकडे कारखान्याच्या भिंतीआडच राहिले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याला बांधले. त्या कायद्याची जागा स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. परवान्यावाचून दारूगोळा बनविण्यास त्यातही मनाई आहे. इतकेच नव्हे, तर या अधिनियमातील 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनविण्याची यंत्रेही येतात. बार्लोचा तो अडकित्ता कनेटिकटच्या शेतकऱ्याच्या फडताळात निवांत पडून राहत असे. आपल्या कायद्याच्या नजरेत तो रिकामा असतानाही दारूगोळाच आहे.