इंग्रजीतले अरे-तुरे कुठे गेले?

शाळेत इंग्रजी शिकताना 'आय अ‍ॅम, ही इज, यू आर' ही उजळणी आपण सर्वांनी केलेली असते. समोर माणूस एकच असला तरी 'यू'पुढे 'आर' का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर 'तो नियमच आहे' एवढे उत्तर मिळते. खरे तर हे कोडे मराठी मुलाला सर्वांत लवकर सुटावे. आपण 'भाऊ आला' म्हणतो, पण 'बाबा आले' म्हणतो. बाबा एकच, क्रियापद मात्र अनेकवचनी. 'यू आर' हे मुळात असेच आदरार्थी अनेकवचन आहे. इंग्रजीत सगळ्यांना 'तू'च म्हणतात, असा आपल्याकडे एक समज आहे. घडले ते उलट. इंग्रजीने 'तुम्ही' ठेवले आणि 'तू' टाकून दिले. तिथे घरच्या कुत्र्यालाही 'तुम्ही'च म्हणतात!

जुन्या इंग्रजीत हा भेद केवळ वचनाचा होता. एकाला 'दाउ', अनेकांना 'ये'. आणि या 'ये'चे कर्माचे रूप 'यू'. आदर-अनादराचा त्यात प्रश्न नव्हता. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. फ्रेंच रिवाजाच्या प्रभावाने तेराव्या शतकापासून इंग्रजीतही वरिष्ठाला एकटा असला तरी अनेकवचनाने संबोधण्याची पद्धत रुजू लागली. हळूहळू 'ये' मागे पडून कर्त्याच्या जागीही 'यू' आले. धनी नोकराला 'दाउ' म्हणे, नोकर धन्याला 'यू'. बरोबरीच्या प्रतिष्ठितांत 'यू', गोरगरिबांत आपसांत 'दाउ'.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत या दोन शब्दांवर सबंध नात्याचा तोल पेलला जाई. 'हॅम्लेट' नाटकातल्या राणीच्या महालातील प्रवेशात आई मुलाला 'दाउ' म्हणते आणि मुलगा तिला 'यू' म्हणून उलटे उत्तर देतो. लगेच आईही 'दाउ' सोडून 'यू'वर जाते. रागावलेली मराठी आई मुलाला 'या, बसा आता जेवायला' म्हणते, तेव्हा तिने त्याला मान दिलेला नसतो; त्यातलाच हा प्रकार. 'ट्वेल्थ नाइट'मध्ये सर टोबी आपल्या मित्राला सल्ला देतो, की द्वंद्वाचे आव्हान पाठवताना प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा 'दाउ' म्हण, म्हणजे तो बरोबर डिवचला जाईल. हे केवळ नाटकातले नव्हते. नोव्हेंबर १६०३मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला भर न्यायसभेत 'दाउ' म्हटले, आणि आपण ते मुद्दाम म्हणतो आहोत हेही ऐकवले. त्यासाठी त्याने 'दाउ' या शब्दाचेच क्रियापद केले. जगातल्या अनेक भाषांना या क्रियापदाचे भाषांतर करताना अडखळावे लागेल. आपल्याकडे 'अरे-तुरे करणे' तयारच आहे.

या पार्श्वभूमीवर सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर अनुयायी उभे राहिले. देवापुढे सर्व माणसे समान, म्हणून कोणापुढे टोपी काढायची नाही आणि गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, न्यायाधीश-कैदी सर्वांना 'दाउ'च म्हणायचे, असा त्यांचा निश्चय होता. यासाठी त्यांनी व्याकरणाचाही आधार घेतला. एका माणसाला अनेकवचनाने हाक मारणे ही चूक आहे; शिवाय ती खुशामतही आहे आणि असत्यही. १६६०मध्ये फॉक्सने जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांच्यासह एक भलेमोठे पुस्तकच काढले. लहान मुलांच्या मुठीच्या अक्षरपाटीला तेव्हा 'बॅटलडोर' म्हणत. पुस्तकाला नाव तेच दिले आणि पानांवर तिचीच आकृती छापली. हेतू हा, की ज्या विद्वानांना एकवचन-अनेकवचनही कळत नाही, त्यांनी पुन्हा मुळाक्षरांपासून शिकावे! हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा अनेक भाषांतले दाखले त्यात दिले आहेत.

या व्याकरणाची किंमत भारी होती. पुढे अंध मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवणारा टॉमस एलवुड विशीत क्वेकर झाला. त्याचे वडील स्थानिक न्यायदंडाधिकारी. मुलगा आपल्याला 'दाउ' म्हणतो हे ऐकून त्यांनी त्याला मारले, आणि पुन्हा म्हणशील तर दात घशात घालीन असे धमकावले. एलवुडने आत्मचरित्रात हे सविस्तर लिहून ठेवले आहे. एका सर्वनामापायी बाप-लेकाचे नाते तुटायला आले होते.

फॉक्स हरला. १७००च्या सुमारास नागर बोलीतून 'दाउ' जवळजवळ नाहीसे झाले. वाढत्या शहरांत समोरचा माणूस कोणत्या पायरीवरचा हे ओळखणे अवघड झाले होते. अशा वेळी सर्वांना 'यू' म्हणणे सुरक्षित, असे अभ्यासक मानतात. समता आली, पण फॉक्सला हवी होती तशी नाही. त्याला सर्वांना 'तू'च्या पायरीवर आणायचे होते. भाषेने सर्वांना 'तुम्ही'च्या पायरीवर नेले. 'दाउ' उरले ते यॉर्कशरसारख्या भागांतील बोलींत, क्वेकरांच्या घरांत आणि प्रार्थनेत. १६११च्या बायबलच्या अनुवादकांनी मुळाप्रमाणे एकवचनाला सर्वत्र 'दाउ'च ठेवले होते. त्यामुळे नंतरच्या पिढ्यांना तो शब्द भारदस्त वाटू लागला. वारकरी विठोबाला 'तू' म्हणतो ते जवळिकीने. इंग्रजीत त्या 'तू'तली जवळीकच विरून गेली.

एकवचन गेल्याने पडलेली फट मात्र बोलणाऱ्यांना जाणवत राहिली. अठराव्या शतकात एकासाठी 'यू वॉज' आणि अनेकांसाठी 'यू वेअर' अशी सोय सुशिक्षितांतही रूढ होती. १७६२च्या व्याकरणात रॉबर्ट लाउथने तिला घोर अपराध ठरवले आणि ती शिष्ट भाषेतून हद्दपार झाली. मग लोकांनी अनेकवचनच नवे घडवले: अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत 'यॉल', आयर्लंडमध्ये 'यूज', पिट्सबर्गमध्ये 'यिन्झ', आणि सर्वत्र 'यू गाइज'.

आज हाच वाद 'दे' या सर्वनामावर चालू आहे. एका व्यक्तीला 'दे' म्हणणे अशुद्ध, असे आजचे शुद्धतावादी म्हणतात. तसा तो प्रयोग चौदाव्या शतकापासून लिखाणात सापडतो. २०१९मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशाने 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवले. एकासाठी अनेकवचन वापरणे चूक, हा या आक्षेपकांचा युक्तिवाद अक्षरशः फॉक्सचा आहे, आणि ते तो मांडतात एकाच माणसाला 'यू आर' म्हणून. फॉक्स निदान सुसंगत होता. त्याने 'यू'लाही सोडले नाही.

सर्वनाम ही व्याकरणातली सर्वांत लहान वस्तू, पण माणसे एकमेकांपुढे कशी उभी राहतात ते तीच सांगते. म्हणून तिच्यासाठी माणसांनी मार खाल्ला. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला आजही प्रत्येक 'यू'पाशी थांबावे लागते: नायिका नायकाला 'अहो' म्हणेल की 'अरे', आणि कितव्या पानापासून? मूळ लेखकाला न पडलेला हा प्रश्न मराठीत टाळता येत नाही. इंग्रजीने तीनशे वर्षांपूर्वी जे ओझे खाली ठेवले, ते आपण अजून वाहतो. आणि आपली जवळीकही त्याच ओझ्यात बांधलेली आहे.