सहआरोपींच्या शिक्षेतील समानता (अमली पदार्थविषयक गुन्हे)

सहआरोपींच्या शिक्षेतील समानता हे फौजदारी न्यायाचे एक तत्त्व आहे. एकाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तींचा सहभाग सारखा असल्यास शिक्षा सारखी आणि सहभाग वेगळा असल्यास त्या प्रमाणात वेगळी असावी, असे ते सांगते. भारतात ते संविधानाच्या अनुच्छेद १४ शी जोडले जाते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत मात्र शिक्षा मुख्यतः मालाच्या वजनावर ठरत असल्याने या तत्त्वाच्या उत्तरार्धाला फारच थोडी जागा उरते.

कायद्यातील तरतुदी

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) अन्वये 'व्यापारी प्रमाणा'तील मालासाठी १० ते २० वर्षे सश्रम कारावास आणि १ ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हेरॉइनसाठी हे प्रमाण २५० ग्रॅम, तर मेफेड्रोनसाठी (एमडी) अवघे ५० ग्रॅम आहे. हिरा सिंग खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याचा निर्णय दिला. कलम २९ नुसार कटात सामील असणाऱ्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. जागेचा जाणूनबुजून वापर होऊ देणाऱ्या मालकासही कलम २५ तीच शिक्षा सांगते.

१० वर्षांच्या खाली येण्याचा अधिकार न्यायाधीशास नाही. कलम ३२ब मध्ये किमान शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देताना विचारात घ्यावयाचे घटक दिले आहेत. शिक्षा सौम्य करणारी तशी यादी कायद्यात नाही. थोडक्यात, भूमिकेचा विचार वरच्या दिशेनेच होतो. त्यातच कलम ३२अ मुळे शासनाकडून मिळणारी शिक्षामाफीही बंद होते. दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०००) या निर्णयाने अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार वाचला, परंतु माफीवरील बंदी कायम राहिली.

कोल्हापूर व सोलापूर जिल्ह्यांतील प्रकरणे

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने कोल्हापूर जिल्ह्यातील ढोलगरवाडी (ता. चंदगड) येथील एका फार्महाऊसवर छापा घालून मेफेड्रोन बनविण्याचे साहित्य जप्त केले. तपासाचा धागा मुंबईतील एका अटकेपासून तेथवर पोहोचला होता. अशा प्रकरणात विक्रेता, रखवालदार आणि जागेचा मालक यांचा नफा व माहिती यांत मोठे अंतर असू शकते. कट सिद्ध झाल्यास शिक्षेचा तळ मात्र तिघांसाठी एकच असतो.

औद्योगिक वसाहतीत ही गुंतागुंत वाढते. समजा, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीसारख्या ठिकाणी भाड्याच्या शेडमध्ये असा माल सापडला, तर शेडमालक, कंपनीचे संचालक (कलम ३८), रसायनतज्ज्ञ आणि पिंपे उचलणारा कंत्राटी कामगार यांपैकी कोणाला काय ठाऊक होते, हाच खटल्याचा गाभा ठरेल. त्यात कलम ३५ नुसार आरोपीची दोषी मनोवस्था गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे दाखविण्याचा भार त्याच्यावर येतो. संचालकाला वकिलांची फौज परवडते, कामगाराला नाही.

सोलापूरजवळील चिंचोली एमआयडीसीतील एफेड्रीन प्रकरणात (२०१६) अभिनेत्री ममता कुलकर्णी यांच्याविरुद्धचा गुन्हा पुराव्याअभावी मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. एफेड्रीन हा 'नियंत्रित पदार्थ' असल्याने कलम २५अ खाली त्यासाठी कमाल १० वर्षांची शिक्षा आहे, किमान शिक्षा नाही. म्हणजे कटाची वा वित्तपुरवठ्याची कलमे लागू झाली नाहीत, तर टनावारी एफेड्रीनला जो तळ नाही तो ५० ग्रॅम मेफेड्रोनला आहे.

२००१ ची दुरुस्ती

मूळ कायद्यात हेरॉइनसारख्या पदार्थांसाठी वजन कितीही असले तरी किमान १० वर्षे होती. २ ऑक्टोबर २००१ पासून लहान, मध्यम व व्यापारी प्रमाण असे टप्पे आले. हा लाभ प्रलंबित खटल्यांना मिळाला, अपिलांना नाही; बशीर विरुद्ध केरळ राज्य (२००४) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वैध ठरविला. त्यामुळे वेळेवर खटल्याला सामोरा गेलेला आरोपी जुन्या शिक्षेत अडकला आणि त्याचा फरारी साथीदार उशिरा सापडल्यामुळे सौम्य शिक्षेस पात्र ठरला, असेही घडणे शक्य झाले.

न्यायालयांची भूमिका

गुरदेव सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०२१) या खटल्यात १ किलो हेरॉइनसाठी झालेली १५ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. आरोपी गरीब असून केवळ वाहक आहे, हा युक्तिवाद शिक्षा कमी करण्यास पुरेसा मानला गेला नाही. सहआरोपीस माफीचा साक्षीदार करण्याची मुभा कलम ६४ खाली शासनास आहे. तिचा उपयोग साहजिकच ज्याच्याकडे सांगण्यासारखी माहिती आहे त्यालाच होतो, आणि रखवालदाराकडे ती क्वचितच असते.