टिळक, बाळ गंगाधर : कौन्सिलातील कारकीर्द

मुंबई कायदे कौन्सिलचे लोकनियुक्त सभासद (१८९५–९७) व सामाजिक प्रश्नांत सनातनी पक्षाचे पुढारी. जन्म रत्नागिरी, २३ जुलै १८५६. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर (१८९०) ‘केसरी’कार म्हणून त्यांचा जम बसला, चाळिशीच्या आतच ते कौन्सिलात गेले. संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यास त्यांचा विरोध होता : परक्या सरकारने धर्माचारात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणातून व्हावी (→ आगरकर, गोपाळ गणेश, संमतिवय कायदा). मात्र मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, हे कलम १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे ठेवले होते. निव्वळ ‘सनातनी’ हा शिक्का म्हणूनच तोकडा पडतो. कौन्सिलात त्यांनी सरकारी जमाखर्चावर टीका केली. १८९७ मध्ये फेरनिवड. त्याच सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली व ही कारकीर्द संपली.