तीळतेलाची साक्ष

पाकिटावरच्या पोषणतक्त्यात आज ‘ट्रान्स फॅट’ ही ओळ दिसते. तिचा इतिहास शोधताना मी वनस्पती तुपाच्या डब्यापाशी पोचलो. निकेलच्या साहाय्याने तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडवून ते घट्ट करण्याच्या रीतीचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतले. १९३७ मध्ये ‘डालडा’ भारतीय बाजारात आला. स्वस्त आणि दिसायला तुपासारखा. त्यामुळे साजूक तुपात त्याची भेसळ सोपी झाली. सरकारने तोड काढली: वनस्पतीत ५ टक्के तीळतेल सक्तीचे. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल घालून हलवले आणि लाली उमटली, की भेसळ उघडी.

कायद्याला चिंता होती ती तुपाच्या अस्सलपणाची. डब्यातल्या वनस्पतीने शरीराचे काय होते, हा प्रश्न मागे राहिला. मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की ट्रान्स फॅटमुळे रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि हितकारक घटते. हे ट्रान्स फॅट तेलाच्या अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होते. भारतात तेल व वनस्पती तुपातील त्याची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के, तर २०२२ पासून २ टक्के झाली.

म्हणून फराळाचे तयार पाकीट घेताना ‘एकूण फॅट’ या आकड्यावर थांबू नये, असे मला वाटते. त्याखालचे सॅच्युरेटेड व ट्रान्स हे आकडे पाहावेत. घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड’ शब्द शोधावा. तीळतेलाने भेसळीची साक्ष दिली; आरोग्याची साक्ष या बारीक अक्षरांत आहे.