इंजिन ऑइल, एमजीबी मोटारीचे

इंजिन ऑइल, एमजीबी मोटारीचे : इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीच्या १७९८ घ. सेंमी. चार सिलिंडर इंजिनात वापरायचे वंगण. उष्ण हवेसाठी सर्वमान्य निवड म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचे मिनरल ऑइल. मात्र हा आकडा जुळला म्हणजे काम झाले असे नाही. या इंजिनाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची दुसरी बाब डब्यावर सहसा छापलेली नसते.

हे इंजिन बीएमसी कंपनीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातले. त्याच घराण्यातले १४८९ घ. सेंमी.चे इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये होते. त्यामुळे अँबॅसडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीला एमजीबीचे इंजिन उघडल्यावर फारसे काही परके वाटत नाही : कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिच्यावर सपाट बुडाचे टॅपेट, त्यांवर पुशरॉड आणि वर हेडवर रॉकर.

ग्रेडमधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते हे सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा. १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडच्या ऑइलची श्यानता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. नव्या मोटारींसाठीची पातळ ऑइले बारीक फटींच्या बेअरिंगांसाठी बनवलेली असतात. एमजीबीत फटी मुळातच मोठ्या आणि पन्नास वर्षांच्या झिजेने त्या आणखी वाढलेल्या. पातळ ऑइल तिथून भरभर निसटते आणि दाब बसतो. वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे गरम इंजिनात चालत्या गाडीचा दाब चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड असावा. डॅशबोर्डवर त्याचा काटा दिलेला आहे, आणि ऑइलची निवड बरोबर की चूक हे दुकानदारापेक्षा तो काटा अधिक प्रामाणिकपणे सांगतो. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यात २०डब्ल्यू पुरेसे पातळ राहते. पारा शून्याखाली जाणाऱ्या मुलखात १०डब्ल्यू-४०चा विचार करावा. आपल्याकडे सहज मिळणारे २०डब्ल्यू-४० नुकत्याच बांधलेल्या घट्ट इंजिनात चालून जाते.

आता न छापलेली बाब. सपाट टॅपेटवर कॅम लोळत नाही, घासत फिरतो. कॅमच्या टोकाशी स्प्रिंगचा सगळा भार नखाएवढ्या जागेवर येतो आणि तिथे ऑइलचा थर टिकत नाही. अशा वेळी धातू वाचवते ते ऑइलमध्ये मिसळलेले जस्त व फॉस्फरसयुक्त रसायन, संक्षेपाने झेडडीडीपी. दाब आणि उष्णता मिळाली की त्याचा अतिशय पातळ संरक्षक लेप पृष्ठभागावर तयार होतो. परंतु जळून धुराड्यात गेलेला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून ऑइलची प्रतवारी ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेच्या २००४ च्या ‘एसएम’ वर्गापासून पातळ ग्रेडमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. जुन्या मोटारींचे जाणकार ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस असलेले ऑइल पसंत करतात. गंमत अशी, की ही मर्यादा २०डब्ल्यू-५० ला लागू नाही, त्यामुळे ‘एसएम’, ‘एसएन’ ही अक्षरे पाहूनच डबा परत करण्याचे कारण नाही. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात फॉस्फरसचा आकडा पाहावा. वरून ओतायच्या ‘झिंक’च्या बाटल्यांच्या फंदात मात्र पडू नये : प्रमाण कळत नाही, आणि ते अति झाल्यास फायद्याऐवजी नुकसान होते. नवी कॅमशाफ्ट टाकली असेल तेव्हाच विशेष काळजी हवी. इंजिन सुरू होताच आयडलिंगवर न सोडता सुमारे वीस मिनिटे २,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवतात, कारण टॅपेटवर ऑइल मुख्यतः क्रँकच्या उडत्या शिंतोड्यांतूनच पोहोचते.

सिंथेटिक ऑइलने जुनी सीले खराब होतात हा समज आता सोडून द्यायला हरकत नाही. सील आधीच गेलेले असेल तर गळती उघड होते, एवढेच. १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगांच्या इंजिनांत तर क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच; ऑइल माघारी ढकलणारी आट्यांची खाच होती. तिथून थेंबभर गळणे हा बिघाड नव्हे. महागडे सिंथेटिक जमिनीवर ठिबकू द्यायचे का, हा प्रश्न खिशाचा.

गाडी कमी फिरते म्हणून ऑइल ताजे राहते, हा हिशेब चुकीचा. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. पावसाळी दमट हवेत चेंबरमध्ये पाणी साठते आणि चोक ओढून ठेवल्यास पेट्रोलही उतरते. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर तारीख न पाहता ते बदलावे. एरवी वर्षातून एकदा, फिल्टरसह. फिल्टर उलटा बसणाऱ्या इंजिनांत ऑइल परत वाहू न देणारी झडप असलेलाच घ्यावा, नाहीतर सकाळी दाब यायला वेळ लागतो आणि बेअरिंग तेवढा वेळ कोरडे खडखडते.

गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हसाठीही उत्पादकाने इंजिनाचेच ऑइल सांगितले आहे. तिथे सवयीने ९० नंबरचे गिअर ऑइल भरू नये; ते मागच्या ॲक्सलसाठी.