तळटीप : उंटकटारी

१. ग्रंथकाराने येथे ज्या निळसर, काटेरी गोलकांचे वर्णन केले आहे, ती वनस्पती उंटकटारी होय. दख्खनच्या पठारावर पडीत रानात, गायरानात आणि मुरमाड माळावर पाऊस ओसरल्यावर फुलणारी ही वनस्पती सूर्यफुलाच्याच कुळातील असली, तरी सूर्यफुलात असंख्य पुष्पकांना मिळून हिरव्या छदांचा एकच वेढा असतो, तर येथे प्रत्येक पुष्पकाभोवती स्वतंत्र काटेरी तट उभा असतो, आणि अशा तटबंद पुष्पकांचा समुदायच दुरून एक फूल म्हणून भासतो. आयुर्वेदात तिच्या मुळाला स्थान आहे. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ती निव्वळ तण. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून भोवतालचे गवत फस्त झालेल्या गायरानात तीच तेवढी माजते. हा दोष तिच्यापेक्षा बेसुमार चराईचा अधिक, असे आम्हांस वाटते. काट्यांच्या साम्यामुळे पुष्कळ लोक पिवळ्या धोतऱ्यालाही याच वर्गात घालतात, ते मात्र बरोबर नाही : तो अफूच्या कुळातील असून अमेरिका खंडातून इकडे आला आहे, आणि मोहरीसारख्या दिसणाऱ्या त्याच्या बियांच्या तेलाची खाद्यतेलात भेसळ झाल्यास अंगावर सूज आणणारा, प्रसंगी प्राणघातक ठरणारा विकार जडतो. — संपादक